धावणाऱ्याचे कान

सकाळी सहाच्या सुमारास दिल्लीच्या लोदी उद्यानात शिरावे, तर राजधानीतील निम्मे अधिकारीमंडळ पाय चालू आणि कान बंद अशा स्थितीत तेथे आढळते. सहसचिव असोत की साधे लिपिक असोत, प्रत्येकाच्या कानांत पांढरी वा काळी बोंडे खोचलेली असतात. शीशगुंबदाला वळसा घालून माणसे एकमेकांच्या शेजारून धावत जातात; पण एक ज्या जगात धावत असतो, त्याचा दुसऱ्याच्या जगाशी काही संबंध नसतो. कोणी भैरव ऐकत असतो, कोणी बाजारभाव, कोणी एखादा खुनाचा तपास. चौतिसाव्या वर्षी वैद्यांनी माझ्या रक्तातील साखरेचा आकडा दाखवला, तेव्हापासून गेली तीन वर्षे मीही या बोंडधारी पंथात सामील झालो आहे.

कार्यालयातील माझ्या एका बंगाली मित्राने एकदा मला विचारले, “धावताना तू ऐकतोस तरी काय?” त्या दिवशी मी जे ऐकत होतो ते सांगण्यासारखे नव्हते, ते पुढे येईलच. मी प्रश्न टाळला. पण तो मनातून जाईना. धावताना वा चालताना काय ऐकावे, हे माणसाने स्वतःच ठरवावे, ही कल्पना केव्हापासूनची? आणि त्यापूर्वी ते कोण ठरवीत असे? फावल्या वेळात, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांच्या आधाराने, या दोन प्रश्नांचा जो मागोवा घेता आला तो येथे मांडतो.

या विषयातील जुना आणि अतिशय स्पष्ट असा पुरावा ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीज याने ठेवला आहे. इ. स. पूर्व ४१८ मध्ये मँटिनिया येथे स्पार्टाचे सैन्य आणि आर्गॉसवासीयांची आघाडी यांची गाठ पडली. आर्गॉसचे लोक त्वेषाने आणि घाईने पुढे सरसावले. स्पार्टाचे सैनिक मात्र संथपणे निघाले, आणि त्यांच्या रांगांतून ठिकठिकाणी उभे असलेले वादक जोडनळीचे, आपल्या सनईच्या कुळातले, वाद्य वाजवीत होते. हे वादन देवतेच्या आराधनेसाठी नव्हते, असे हा इतिहासकार मुद्दाम बजावतो. पाऊल सारखे पडावे आणि चालून जाताना मोठ्या सैन्याची फळी जशी फुटते तशी ती फुटू नये, एवढाच त्याचा हेतू होता. त्या दिवशी विजय स्पार्टाचा झाला.

मला या उल्लेखात मौज वाटते ती त्या खुलाशाची. वाजंत्री म्हटले की देवाचे काही असणार, असे त्याच्या वाचकांनी गृहीत धरले असते. म्हणून त्याला सांगावे लागले की हे काम पायांचे आहे. एवढा कोरडा इतिहासकार एवढ्या बारीकशा गोष्टीसाठी वाट सोडून थांबतो, याचे मला फार कौतुक वाटते.

पुढे कित्येक शतके युरोपातील सैन्ये ही विद्या विसरल्यासारखी झाली. अठराव्या शतकात फ्रान्सच्या सेवेतील सेनापती मॉरिस द साक्स याने तिचा नव्याने पुरस्कार केला. त्याचा युद्धविषयक ग्रंथ १७३२ मध्ये लिहिलेला असला, तरी तो प्रसिद्ध झाला १७५७ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. रोमन सैन्याच्या बळाचे रहस्य तालबद्ध चालण्यात होते, असे त्याचे प्रतिपादन होते, आणि त्यासाठी त्याने दिलेला दाखला रणांगणावरचा नसून दिवाणखान्यातला आहे. संगीत असले तर माणसे रात्रभर नाचतात. तेच संगीत काढून घेतले तर घटका-दोन घटकाही कोणाला नाचवत नाही, असे तो म्हणतो. लष्करी ग्रंथात हा दाखला वाचून एखाद्या जुन्या सरदाराने नाक मुरडले असेल. पण गेल्या शंभर वर्षांत प्रयोगशाळांतून जे सिद्ध करण्याचा खटाटोप चालला आहे, त्याचा गाभा या एका निरीक्षणात आलेला आहे.

कवायतीच्या नियमांतून मग पावलांचे आकडे ठरले. ब्रिटिश पायदळाची नेहमीची चाल मिनिटाला १२० पावलांची, रायफल पलटणींची १४०, आणि ‘दौडके चल’ म्हटले की १८०. आपल्याकडची कवायतही याच घराण्यातली. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तालीम सुरू झाली, की कर्तव्य पथाच्या बाजूला धुके इतके दाट असते की माणूस दिसत नाही, पण ढोलाचा ठोका स्वच्छ ऐकू येतो. अशा एका सकाळी मी कानांतली बोंडे काढून त्या बाजूने धावत होतो. काही वेळाने ध्यानात आले की माझी पावले त्या अदृश्य पलटणीबरोबर पडत आहेत. मला कोणी हुकूम दिलेला नव्हता. मी त्या पलटणीचा शिपाईही नव्हतो. तरी पाय ऐकेनात.

पलटणीचा ताल हा असा दुसऱ्याने दिलेला असतो. परंतु पोटासाठी एकट्याने धावणारा एक सरकारी नोकर आपल्या देशात होता, आणि त्याने आपला आवाज आपल्याच हातात धरलेला होता. तो म्हणजे डाकेचा हरकारा. त्याची आठवण मला करून दिली ती त्याच बंगाली मित्राने. सुकांत भट्टाचार्य यांची ‘रानार’ ही कविता, सलील चौधुरींनी तिला दिलेली चाल आणि हेमंत मुखर्जींचा आवाज, ही बंगाली घराघरांतली ठेव आहे. धावणे म्हटले की त्याला ती आठवणारच. खांद्यावर टपालाची पिशवी आणि हाती घुंगरू बांधलेला भाला, असा हा हरकारा रात्रीच्या रानवाटा तुडवीत असे. घुंगरांचा उपयोग जनावराने वाटेतून दूर व्हावे आणि पुढच्या चौकीवरच्या माणसाने जागे व्हावे यासाठी. १९३७ साली निघालेल्या टपाल तिकिटांच्या मालिकेत दोन आण्यांच्या तिकिटावर हाच हरकारा आहे. तिच्यातच पुढे बैलगाडी, टांगा, उंट अशी डाकेची वाहने चढत्या किमतीने येतात, आणि माणूस सर्वांत स्वस्त ठरतो. आम्हा केंद्र सरकारच्या चाकरांना या क्रमवारीचे नवल वाटू नये. परंतु घुंगरांचा तो नाद त्या एकट्या माणसाला सोबतही करीत असला पाहिजे. तो त्याच्या पावलातूनच निघे. पाऊल मंदावले की नाद मंदावे. ताल आणि पाय यांत मालक कोण आणि चाकर कोण, असा प्रश्न त्याच्यापुरता तरी उद्भवत नव्हता.

विसाव्या शतकाने हा विषय मोजमापाच्या कक्षेत आणला. न्यू यॉर्कमध्ये सहा दिवस अहोरात्र चालणाऱ्या सायकल शर्यती होत असत. लिओनार्ड एअर्स याने तेथे घड्याळ लावून पाहिले आणि बँड वाजत असताना स्वार अधिक वेगाने जातात, थांबला की मंदावतात, हे १९११ मध्ये प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या जूनमध्ये, बीबीसीने कारखान्यांतील कामगारांसाठी संगीताचा खास दैनंदिन कार्यक्रम सुरू केला आणि तो १९६७ पर्यंत चालला. येथेही निवड ऐकणाऱ्याची नव्हतीच. सेनापतीच्या जागी कार्यक्रम-नियोजक आला, एवढाच फरक.

ही सत्ता उलथली १ जुलै १९७९ रोजी, आणि तीही तोक्योत, एका छोट्याशा निळ्या-चंदेरी पेटीने. सोनी कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकण्याची हौस होती; पण त्यासाठी जे यंत्र बरोबर न्यावे लागे ते फार जड होते. पत्रकारांच्या उपयोगाचे एक लहान ध्वनिमुद्रक कंपनी बनवीतच होती. त्यातील मुद्रणाची सोय काढून टाकावी, दोन्ही कानांना वेगळे ऐकू येईल अशी योजना करावी आणि जोडीला सुमारे पन्नास ग्रॅम वजनाचे हलके कर्णध्वनी द्यावेत, असे ठरले. मुद्रण न करणारे मुद्रणयंत्र कोण विकत घेणार, अशी शंका कंपनीतल्याच अनेकांना होती. दुसरे संस्थापक आकिओ मोरिता यांनी ती बाजूला सारली. किंमत ३३,००० येन ठेवली आणि पहिली ३०,००० यंत्रे तयार केली. पहिल्या महिन्यात जेमतेम ३,००० खपली. ऑगस्ट संपता संपता एकही उरले नाही. वार्ताहरांना हे यंत्र कंपनीने सभागृहात बसवून दाखवले नाही. त्यांना बसमधून योयोगी उद्यानात नेले, प्रत्येकाच्या कानांना यंत्र लावले, आणि चाकांच्या बुटांवर व सायकलींवर फिरणारी तरुण मंडळी त्यांच्यासमोर सोडली. हे यंत्र हलत्या माणसासाठी आहे, हे असे पहिल्याच दिवशी सांगितले गेले.

न्यायासाठी येथे आणखी एक नाव घेतले पाहिजे. आंद्रेआस पावेल या गृहस्थांनी १९७२ मध्येच असे यंत्र जुळवून स्वित्झर्लंडच्या बर्फात चालता चालता संगीत ऐकले होते आणि १९७७ मध्ये एकस्वासाठी अर्जही केला होता. वर्षानुवर्षे चाललेल्या वादानंतर सोनीने त्यांच्याशी तडजोड केली. फाईल लवकर दाखल केली म्हणजे काम लवकर होते असे नाही, हे आम्हांस कोणी नव्याने सांगावयास नको.

परंतु वॉकमनच्या कथेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याची दोन छिद्रे. मोरितांनी नमुन्याचे यंत्र घरी नेले आणि ते ऐकत बसले. आपल्याशी आता बोलता येत नाही म्हणून पत्नी त्रासल्याचे त्यांच्या लक्षात आले. एकट्यानेच ऐकत बसणे हा असभ्यपणा आहे असे त्यांच्या मनाने घेतले. म्हणून पहिल्या वॉकमनला कर्णध्वनी जोडण्यासाठी एकाऐवजी दोन जागा ठेवल्या, आणि एक नारिंगी कळ बसवली. ती दाबली की संगीत मंद होऊन दोघांना एकमेकांचे बोलणे ऐकू येई. ग्राहकांनी काय केले? त्यांनी दुसरी जागा रिकामीच ठेवली. हे यंत्र लोकांना अगदी स्वतःचे, दुसऱ्याला न देण्याचे वाटते, हे मोरितांनी मागाहून आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. नंतरच्या यंत्रांतून ती कळ गेली आणि दुसरे छिद्रही गेले.

याच सुमारास पाश्चात्त्य देशांत निरोगीपणासाठी धावण्याची लाट आलेली होती. बिल बॉवरमन या अमेरिकन प्रशिक्षकाने न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड यांच्या मंडळींना धिम्या गतीने मैलच्या मैल धावताना पाहिले आणि मायदेशी परतल्यावर १९६७ मध्ये त्यावर पुस्तक काढले, तेथून ती विशेष बळावली. धावणारे हजारो एकांडे पाय आणि एकांडे ऐकणारे हे यंत्र यांची गाठ पडली. स्पार्टाच्या वादकाने हजार पायांना एक केले होते. आता हजार पायांना हजार वादक मिळाले.

त्यानंतरची यंत्रे झपाट्याने बदलली. तबकडीवर चालणारे यंत्र धावताना हिसका बसला की अडखळे, म्हणून ते धावणाऱ्यांना लाभले नाही. १९९८ मध्ये दक्षिण कोरियात सुटे भाग न हलणारे संगीतयंत्र निघाले. २००१ च्या ऑक्टोबरात ॲपलने हजार गाणी खिशात मावतील असे सांगून आयपॉड आणला. निवड ही खरी अडचण तेव्हापासून सुरू झाली. एका फितीवर बारा-पंधरा गाणी होती तोवर माणूस ती निमूटपणे ऐकत असे. हजार गाणी हाती आल्यावर पहिला अर्धा किलोमीटर निवडीतच जाऊ लागला.

निवडीचे शास्त्रही दरम्यान उभे राहिले. लंडनच्या ब्रूनेल विद्यापीठात कोस्टास कारागिओर्गिस यांनी आपली हयात या एका विषयाला वाहिली आहे. त्यांच्या आणि इतरांच्या अभ्यासांतून निघणारे सार असे: बेताच्या श्रमात आवडीचे संगीत असेल तर श्रम कमी वाटतात आणि मन प्रसन्न राहते, मात्र धाप लागण्याइतका वेग वाढला, की शरीराची हाक संगीताला दाबून टाकते आणि श्रमाची जाणीव कमी करणे त्याला साधत नाही. व्यायामासाठी मिनिटाला साधारण १२० ते १४० ठोक्यांची गती योग्य ठरते असेही त्यांचे मत आहे. हे आकडे वाचले, तेव्हा मला कवायतीच्या पुस्तकातील १२० आणि १४० आठवले. दोहोंचा संबंध असेल वा नसेल, पण वाचताना गंमत वाटली खरी. तसाच तिसरा आकडा. जॅक डॅनिएल्स या प्रशिक्षकाने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये निष्णात धावपटूंची पावले मोजली, तेव्हा जवळजवळ सर्वांची पावले मिनिटाला १८० वा त्याहून अधिक भरली. म्हणजे ‘दौडके चल’! आम्हां मंदगती मंडळींनी मात्र हा आकडा मनाला लावून घेऊ नये. माझी पावले १६० च्या पुढे जात नाहीत, आणि साखर तरीही उतरली आहे.

संगीताने विक्रमाला हात दिल्याचे प्रसिद्ध उदाहरण इथिओपियाच्या हाइले गेब्रसेलासी यांचे आहे. १५ फेब्रुवारी १९९८ रोजी बर्मिंगहॅम येथे छपराखालील २,००० मीटर धावताना ‘स्कॅटमन’ हे त्या काळचे लोकप्रिय गीत लावावे अशी विनंती त्यांनी केली आणि ४ मिनिटे ५२.८६ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदवला. ते गीत गाणारा जॉन लार्किन हा जन्माचा तोतरा. जीभ अडखळते म्हणून त्याने अर्थहीन अक्षरांच्या जलद गायकीचा आश्रय घेतला, आणि त्या अडखळणाऱ्या जिभेवर जगातले सर्वांत न अडखळणारे पाय धावले. पुढे, २००६ मध्ये, अमेरिकेच्या मैदानी खेळांच्या संघटनेने शर्यतीत अशी कानातली यंत्रे वापरण्यास बंदी केली. सुरक्षितता हे एक कारण, आणि संगीताने मिळणारा लाभ न्याय्य नव्हे हे दुसरे. हौशी धावणाऱ्यांची इतकी ओरड झाली की २००८ मध्ये ती बंदी विजेतेपदासाठी वा पारितोषिकासाठी धावणाऱ्यांपुरतीच ठेवावी लागली.

माझे स्वतःचे प्रयोग मराठी संगीतावर झाले. नाट्यसंगीत धावण्याला पूर्णपणे निरुपयोगी. गायक तान घेऊ लागला की पायांनी काय करावे याची त्याला मुळीच फिकीर नसते. भावगीताने पाय हळूहळू चालण्यावर येतात आणि मन एखाद्या बाकावर बसू पाहते. पोवाड्याला डफाची थाप चांगली, परंतु शाहीर मध्येच थांबून बोलू लागतो आणि धावणारा तोंडघशी पडतो. लावणीची ढोलकी उतारावर उत्तम. पंडित भीमसेन जोशींच्या संतवाणीतला अभंग प्रारंभी बेताचा असतो आणि शेवटाकडे लय अशी चढत जाते, की भान न राहता माणूस वेग वाढवतो आणि मग कंबरेवर हात ठेवून शीशगुंबदाच्या भिंतीशी उभा राहतो. तरीही पहिल्या दोन किलोमीटरांना तोडीचे दुसरे काही मला सापडलेले नाही.

मग पॉडकास्ट आले. हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने सहज, दोन-तीन पर्यायांपैकी एक म्हणून, सुचवला होता. आयपॉडवर घेऊन हिंडावयाचे ध्वनिक्षेपण, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी एका प्रतिष्ठित अमेरिकन शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवले. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. जन्मदाता गेला, नाव मात्र लेकराला चिकटून राहिले.

धावण्याच्या इतिहासात मला ही वॉकमनइतकीच मोठी घटना वाटते, कारण येथे आवाजाने पायांशी असलेले नाते तोडले. स्पार्टाची सनई, पलटणीचा ढोल, हरकाऱ्याचे घुंगरू, अगदी वॉकमनमधले गाणेदेखील पायांना उद्देशून काही म्हणत होते. व्याख्यान वा मुलाखत पायांना काहीच म्हणत नाही. ती डोक्याला घेऊन दुसरीकडे जाते आणि पाय मागे आपापले काम करीत राहतात. पाऊण तास धावलो, पण धावल्याचे आठवत नाही, असा अनुभव तिने दिला. यात हानी आहे तसा लाभही आहे, आणि परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला तो लाभ थोडा नाही. दिवसभर कार्यालयात हिंदी आणि टिपणीत इंग्रजी. घरी मुले एकमेकांशी हिंदीत भांडतात. अशा वेळी पहाटेच्या त्या पाऊण तासात कोणी इतिहासाचा अभ्यासक पानिपतावर बोलतो, कोणी एखादी जुनी कथा वाचून दाखवतो, आणि ‘हे बघा’, ‘म्हणजे असं की’, ‘अहो, पण’ हे घरगुती शब्द कानांवर पडतात. विषय कोणता आहे याकडे माझे पुष्कळदा लक्षही नसते.

या मोहाने मी दोन अपराध केले, ते कबूल करतो. विभागीय परीक्षा जवळ आली होती. मूलभूत नियम आणि पूरक नियम माझ्याच आवाजात फोनवर मुद्रित करून मी ते धावताना ऐकू लागलो. बंगाली मित्राला जे सांगण्याची लाज वाटली ते हेच. परीक्षेत रजेच्या नियमांचे उत्तर लिहिताना मला नियम आठवेना, माझी धाप आठवली. दुसरा अपराध त्याच आठवड्यातला. दोन्ही कान बंद असल्याने मागून आलेल्या वृत्तपत्रविक्या मुलाच्या सायकलची घंटा ऐकू आली नाही, आणि तो, मी व त्या दिवशीची सारी वर्तमानपत्रे कण्हेरीच्या झुडपात गेलो. तेव्हापासून डावा कान मी उघडा ठेवतो.

आता राहिले ते आमच्या घरचे. माझे वडील फलटण तालुक्यातले शेतकरी. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालून पंढरपूरला जाते, आणि लोणंद-फलटणच्या टप्प्यावर ती आमच्या गावाजवळून जाते. देहूहून पालखी नेण्याचा प्रघात तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पाडला. माउलींच्या सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी जी शिस्त लावली ती आजही पाळली जाते. अण्णा आमच्या दिंडीतून एकतीस वर्षे चालले. मी हा लेख मनात जुळवीत असताना एकदा फोनवर त्यांना विचारले, “अण्णा, चालताना कोणता अभंग म्हणायचा हे तुम्ही कसं ठरवता?”

“आम्ही कशाला ठरवायचं?” ते म्हणाले. “ते ठरलेलं असतंय. सकाळचे रूपाचे अभंग, मग काकडा, भूपाळ्या, पुढं गवळणी, हरिपाठ, आणि ज्या वाराचे त्या वारी. विणेकऱ्यानं चाल धरली की आपण टाळ उचलायचा.”

म्हणजे भजनी मालिका. सकाळी पाय आखडलेले असताना काय, उन्हात काय, मुक्काम दिसू लागल्यावर काय, याची इतकी बारकाईने लावलेली यादी ब्रूनेलच्या विद्वानांनाही एकदा दाखवावी असे वाटते. थ्यूसिडिडीजने ज्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, देवाची आळवणी आणि पावलांचा मेळ, त्या येथे वेगळ्या काढताच येत नाहीत. आणि ही नुसती चालही नव्हे. वेळापूरजवळच्या टेकडीवरून तुकोबांना पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते तेथून धावत सुटले, अशी परंपरा आहे. तिच्या स्मरणार्थ म्हातारे-कोतारे वारकरी त्या उतारावर आजही धावतात. त्याला नावच ‘धावा’. अण्णा सांगतात की टाळ-मृदंगाच्या गजरात त्या उतारावर गुडघा आहे की नाही हे समजत नाही.

गुडघा मात्र होता. दोन वर्षांपूर्वी वैद्यांनी त्यांना वारीची मनाई केली आणि रोज सपाटीवर तीन किलोमीटर चालण्यास सांगितले. आषाढ आला तसे ते ओसरीवरून उठेनात. आई म्हणाली, ह्यांना एस. टी. च्या थांब्यापर्यंत जाणंदेखील जड झालंय. मला रजा नव्हती. मी दिल्लीहून एक लहान यंत्र, उत्तम कर्णध्वनी आणि आमच्याच दिंडीच्या भजनाचे, कोणी तरी केलेले, चार तासांचे ध्वनिमुद्रण धाकट्या भावाकडे पाठवले. मालिका जशीच्या तशी होती. काकड्यापासून हरिपाठापर्यंत सारे ओळीने. कारागिओर्गिस यांचे सिद्धांत आणि माझी तीन वर्षांची तपश्चर्या मी त्या पुडक्यात घातली होती, असे म्हटले तरी चालेल.

अण्णांनी ते एक दिवस लावले. संध्याकाळी फोन आला. “आवाज लई चांगला आहे,” ते म्हणाले, “टाळ अगदी कानाला लागून वाजतोय. पण बाळ, बाजूला बघावं तर कोणी नाही. पाऊल टाकायचं कुणाबरोबर?”

मला मोरितांची ती दुसरी जागा आठवली. पण हे अण्णांना समजावून सांगणार कसे? मी म्हणालो, “अण्णा, राहू द्या मग. ठेवून द्या.”

त्यांनी ठेवून दिले नाही. भावाकडून कळले ते असे. दुसऱ्या दिवशी त्यांनी कर्णध्वनी काढून कपाटात टाकले, यंत्र सदऱ्याच्या खिशात उघडे वाजत ठेवले आणि नीरा उजव्या कालव्याच्या रस्त्याने निघाले. तिसऱ्या दिवशी शेजारचे, दम्यामुळे वारी सुटलेले, एक आप्पा बरोबर आले. आठवडाभरात पाचजण झाले. यंत्राची वीज साधारण कालव्याच्या दुसऱ्या पुलापाशी संपते. भाऊ म्हणाला, मी दुसरं घेऊन देतो, तर कोणी नको म्हणाले. त्या पुलापासून पुढे ते म्हातारे आपले आपण म्हणत जातात.